आधी त्याच्या घरी जा

रविवारच्या मिस्सात शांतीचे चिन्ह देण्याची वेळ येते. पुढच्या बाकावरचे, मागच्या बाकावरचे, सगळ्यांकडे वळून आपण हात जोडतो. मिस्सा संपतो, चर्चच्या आवारात चार शब्द होतात, वाटेत मासळी घेऊन आपण घरी पोहोचतो. तोवर त्याच बाकांवरचे दोघे जण व्हॉट्सॲपवर एकमेकांची उणीदुणी काढायला लागलेले असतात. भांडण कुठल्या तरी पक्षावरून किंवा पुढाऱ्यावरून असते. ग्रुप मात्र धर्मग्रामाचा असतो आणि त्याच्या डोक्यावर पवित्र कुटुंबाचे चित्र असते.

हे मी शहाणपणाच्या ओट्यावर बसून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला. जमाव एका चर्चची मोडतोड करत होता. खाली मराठीत लिहिले होते की ही घटना शेजारच्या तालुक्यात आज दुपारी घडली, आणि कोणत्या समाजाच्या लोकांनी हे केले तेही लिहिले होते. माझे डोके तापले. चार ग्रुपांत तो ढकलला आणि झोपलो. सकाळी पुतण्याचा फोन आला, ‘काका, तो व्हिडिओ आपल्या देशातला नाहीच. आणि कितीतरी वर्षं जुना आहे.’ मी चारही ठिकाणचा व्हिडिओ गुपचूप डिलीट केला. खुलासा केला नाही. आयुष्यभर वर्गात मुलांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, स्वतःची चूक मात्र खोडरबराने पुसली. त्या व्हिडिओचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

प्रभूने सांगितलेला क्रम

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने एक अगदी व्यवहारी गोष्ट सांगितली आहे. भावाने तुझा अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकटा जा आणि दोघांतच बोल. ऐकले नाही तर एकदोघांना सोबत घेऊन जा. तरीही ऐकले नाही, तरच मंडळीसमोर ठेव. आधी एक, मग दोन-तीन, मग सगळे.

फोनने हा क्रम उलटा केला आहे. कुणाचे काही खटकले की आपण आधी सगळ्यांना सांगतो, मग दोन-तीन जवळच्यांना स्क्रीनशॉट पाठवतो, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशी शेवटपर्यंत बोलत नाही. राजकारण आणि समाजमाध्यमे यांच्या गदारोळात श्रद्धेने कसे जगावे, असे मला कोणी विचारले तर माझे उत्तर एवढेच आहे: प्रभूचा क्रम पुन्हा सुलटा करा. पुढे जे सांगतो आहे ते सारे या एकाच गोष्टीतून निघते.

याला एक अपवाद आहे, आणि तो नीट लक्षात ठेवा. जिथे लहान मुलाचा किंवा दुबळ्या माणसाचा छळ झाला आहे, तिथे ‘आपसात मिटवा’ म्हणणे हे पाप आहे. याच अध्यायात आधी लहानांना अडखळण करणाऱ्यांविषयी प्रभूने फार कठोर शब्द वापरले आहेत. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. मग अपराध करणारा घरातला असो, शाळेतला असो की चर्चमधला. एकट्याने भेटायला जाण्याचा सल्ला बरोबरीच्या माणसांतल्या रुसव्याफुगव्यांसाठी आहे, गुन्ह्यांसाठी नाही.

फॉरवर्ड म्हणजे साक्ष

खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. कॅथलिक तिला आठवी म्हणतात, बहुतेक प्रोटेस्टंट नववी. क्रमांक वेगळा, आज्ञा एकच. आपली समजूत अशी, की खोटी साक्ष कोर्टात दिली जाते. पण तुमच्या नावाने, तुमच्या फोनवरून, तुम्हाला ओळखणाऱ्या माणसांना एखादी बातमी गेली की ती तुमची साक्षच असते. ‘मी फक्त पुढे पाठवले’ हा बचाव देवापुढे चालणार नाही, शेजाऱ्यापुढे तर नाहीच.

खोट्या साक्षीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा फोनवरून फिरत होत्या. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक असेच अफवेचे बळी ठरले. याकोबाने आपल्या पत्रात जिभेला ठिणगीची उपमा दिली, कारण एवढ्याशा ठिणगीने सारे रान पेटते. आता ती ठिणगी आपल्या अंगठ्याखाली आहे.

म्हणून पुढे पाठवण्याआधी हे करा.

संदेशावर दुहेरी बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण असेल तर तो कुणा ओळखीच्या माणसाने लिहिलेला नाही, हातोहात फिरत आला आहे, असे समजा. असे संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० पासून घातली आहे. कंपनीला जेवढा संयम सुचला, तेवढा तरी आपल्याला सुचायला हवा.

तारीख, गाव आणि सांगणारा, या तीन गोष्टी शोधा. ‘आज दुपारी’ ही तारीख नव्हे. ‘शेजारच्या तालुक्यात’ हे गाव नव्हे. फोटो असेल तर तो गूगल लेन्समध्ये टाका. जुना असल्यास बहुतेक वेळा मूळ सापडते. केंद्र सरकारच्या योजनेविषयी किंवा निर्णयाविषयी दावा असेल तर पीआयबी फॅक्ट चेकवर पाहा. शेजारच्या तालुक्यातली बातमी असेल तर तिथल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन लावा. यात दहा मिनिटे जातात. जाऊ द्या.

सगळ्यात जास्त सावध राहायचे ते आपल्या बाजूच्या बातमीविषयी. ख्रिस्ती माणसांवर हल्ला झाल्याचा व्हिडिओ आला की आपण तपासत नाही, कारण जखम आपली असते. प्रार्थनासभांवर, चर्चवर हल्ले खरोखर होतात. म्हणूनच खोटा व्हिडिओ जास्त घातक ठरतो. एक खोटा पकडला गेला की उद्याच्या दहा खऱ्या घटनांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

चूक झालीच, तर जिथे खोटे गेले तिथेच खुलासा जायला हवा, तितक्याच ठळकपणे. नुसते डिलीट करणे म्हणजे पाप लपवणे, पापाची कबुली नव्हे.

बारा जणांतले दोघे

प्रभूने निवडलेल्या बारा शिष्यांत मत्तय जकातदार होता. जकातदार म्हणजे रोमी सत्तेच्या यंत्रणेला पैसा गोळा करून देणारा. त्याच बारांत शिमोन जिलोत होता. त्याचे नावच रोमी सत्तेला कडवा विरोध करणाऱ्यांची आठवण करून देते. आजच्या भाषेत सांगायचे तर हे दोघे एका ग्रुपमध्ये चार तास टिकले नसते. पण ते एका ताटात जेवले. प्रभूने कुणालाही आधी पक्ष बदलून ये असे सांगितले नाही.

याहून जवळचे उदाहरण मराठी माणसाच्या कपाटात आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या, त्यांच्या मताच्याही नव्हत्या. काही काळ ताटातूट झाली. पुढे संसार पुन्हा एकत्र आला, तेव्हाही दोघांची श्रद्धा वेगवेगळी होती. लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो नंतर, स्वतःच्या पायांनी चालत येऊन. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की एवढा मोठा मतभेद त्या घराने चिडून सोसला, रडून सोसला, पुष्कळदा हसूनही सोसला. आपले मतभेद बहुतेक वेळा एखाद्या नगरसेवकावरून असतात.

ग्रुपसाठी काही साधे नियम करा. धर्मग्रामाचा किंवा मंडळीचा ग्रुप मिस्साची वेळ, आजारी माणसे, अंत्यविधी, रक्ताची गरज, पाणी बंद असल्याची सूचना यांसाठी ठेवा. पक्षाचे पोस्टर, पुढाऱ्याचा वाढदिवस, दुसऱ्या धर्माची टिंगल यांना तिथे जागा नको. हा नियम ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा, म्हणजे ॲडमिनला दर वेळी वाईटपणा घ्यावा लागत नाही. ज्यांना राजकारणावर बोलायचे आहे त्यांनी खुशाल बोलावे. त्यासाठी महिन्यातून एकदा चर्चच्या सभागृहात समोरासमोर बसावे. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर ‘अंधभक्त’ किंवा ‘देशद्रोही’ म्हणणे आपल्याला जड जाते. ते जड जाणे हीच देवाची कृपा.

रात्री दहानंतर उत्तर देऊ नका. एखाद्याचे शब्द टोचले तर ग्रुपवर न लिहिता त्याला फोन करा. ‘तुम्ही जे लिहिलंत ते मला लागलं’ हे वाक्य बोलायला अवघड आणि ऐकायला सोपे आहे.

राजकारण टाळू नका, त्याच्या आहारीही जाऊ नका

‘आपण बरे, आपली प्रार्थना बरी’ असे म्हणणारे बरेच भेटतात. दुसरीकडे काहींना आपल्या पुढाऱ्यात तारणहार दिसू लागला आहे. दोघांनीही कैसराच्या नाण्याचा प्रसंग आठवावा. कर द्यावा की न द्यावा, हो की नाही, एवढेच सांग, असा तो सापळा होता. टीव्हीवरच्या चर्चेत रोज लावतात तसाच. प्रभूने नाणे मागितले, त्यावर मुद्रा कुणाची ते विचारले, आणि कैसराचे कैसराला व देवाचे देवाला द्यायला सांगितले. आद्य ख्रिस्ती आचार्यांनी त्याचा अर्थ पुढे नेला: नाण्यावर कैसराची मुद्रा, माणसावर देवाची. म्हणून कर सरकारला द्यावा, मत विचार करून द्यावे, पण सदसद्विवेक कुठल्याही पक्षाच्या कार्यालयात जमा करू नये.

यात कोणाचे काम कोणते तेही पाहा. कॅथलिक धर्मनियमांनुसार धर्मगुरूंनी सत्तेची पदे स्वीकारायची नसतात आणि राजकीय पक्षांत सक्रिय भाग घ्यायचा नसतो. सार्वजनिक जीवनात उतरण्याची जबाबदारी प्रापंचिकांची आहे, म्हणजे तुमची-माझी. म्हणून ‘फादर, मत कोणाला देऊ?’ असे विचारू नका. फादरांनीही वेदीवरून ते सांगू नये. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार धर्माच्या नावावर मते मागणे हे भ्रष्ट आचरण आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी स्पष्ट केले की यात उमेदवाराचाच नव्हे तर मतदाराचाही धर्म येतो. ‘आपला माणूस’ म्हणून मत मागायला येणाऱ्या ख्रिस्ती उमेदवारालाही हे लागू आहे.

त्यापेक्षा उमेदवाराचे शपथपत्र वाचा. त्याच्यावरचे खटले, त्याची मालमत्ता सगळे त्यात असते, आणि निवडणूक आयोगाच्या ॲपवर गुन्हेगारी पार्श्वभूमीची माहिती मिळते. मग दफनभूमी, पाणी, शाळा, रस्ता, गावातल्या सगळ्यात गरीब वस्तीची हालत यांविषयी त्याला प्रश्न विचारा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार होते. शंभरात एकही पुरता भरत नाही. एवढ्या संख्येवर आपली मतपेढी उभी करण्याचे स्वप्न कोणी दाखवत असेल तर तो आपल्याला वापरतो आहे. आपले वजन शेजारधर्मात आहे. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस पाणी आणि हिरवळ वाचवण्यासाठी हरित वसईचा लढा उभा राहिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अग्रणी होते, पण ती चर्चची चळवळ नव्हती. विहीर आटते तेव्हा ती मालकाचा धर्म विचारत नाही, हे ओळखून सगळ्या समाजांची माणसे त्यात उतरली.

आपल्याच समाजातल्या माणसांवरच्या अन्यायाकडेही बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, दलित ख्रिस्ती बाहेर राहिले. अहिल्यानगर, जालन्याकडच्या कितीतरी कुटुंबांच्या पोटापाण्याचा हा प्रश्न आहे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची पोस्टरे आपल्या ग्रुपांत ढिगाने येतात. हा प्रश्न किती वेळा येतो, ते ज्याचे त्याने पाहावे.

आपल्यावर चिखल उडतो तेव्हा

‘तांदळाच्या पोत्यासाठी बाटलेले’ असे कोणी लिहिले की जीव जळतो. अशा वेळी पेत्राची तलवार आठवते. प्रभूला धरायला आलेल्या मल्खाचा कान त्याने कापला आणि प्रभूने तो बरा केला. पण त्याच रात्रीचा दुसरा प्रसंग आपण विसरतो. प्रमुख याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा प्रभूने उलटून मारले नाही आणि मुकाट्यानेही सोसले नाही. माझे काय चुकले ते दाखव, चुकले नसेल तर का मारतोस, असे त्याने विचारले. शांतपणे पुरावा मागणे ही प्रभूची रीत आहे.

तेव्हा टोचणाऱ्या पोस्टखाली शिव्या देऊ नका आणि ‘बघा काय लिहिले आहे’ म्हणून ती पोस्ट पसरवूही नका. तिचा प्रचार आपणच करतो. लिहिणारा ओळखीचा असेल तर त्याच्या घरी जा. अनोळखी असेल तर एकदा, सभ्य शब्दांत, वस्तुस्थिती लिहा आणि थांबा. संविधानाच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. दोन्ही गोष्टी सांगा. अर्धेच सांगितले तर ती पुन्हा खोटी साक्ष झाली. मजकुरात धमकी किंवा हिंसेची चिथावणी असेल तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि दुवा जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

हाच कायदा आपल्यालाही लागू आहे. भारतीय न्याय संहितेची १९६ आणि २९९ ही कलमे समाजांत वैर पसरवणाऱ्या आणि धार्मिक भावनांचा जाणूनबुजून अपमान करणाऱ्या कोणालाही लागतात. आपल्यातले काही उपदेशक रील्समधून दुसऱ्यांच्या देवदेवतांची टर उडवतात आणि आपण खाली ‘आमेन’ लिहितो. ते आमेन मागे घ्या. प्रार्थनेने आजार पळाल्याचे, औषधे सोडल्याचे व्हिडिओ पसरवणेही थांबवा. ते पाहून एखाद्या मधुमेह्याने इन्सुलिन बंद केले तर ते पाप आपल्याही माथी येईल.

सप्टेंबर २०१९ मध्ये फादर दिब्रिटो यांची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली. ‘धर्मगुरू कशाला?’ असा विरोध झाला, साहित्य महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना धमक्यांचे फोन आले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला संमेलन भरले आणि हा वसईचा माणूस मराठी साहित्याच्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून आला. त्यांनी आयुष्यभर चांगले मराठी लिहिले होते. धमक्यांना तेच उत्तर पुरेसे होते.

घरातले छोटे उपास

दुष्काळात वाटलेल्या धान्याच्या पिशवीसोबत घेणाऱ्याचा फोटो टाकू नका. डाव्या हाताला कळू न देता दान करायला प्रभूने सांगितले. आपण ते पाचशे जणांना कळवतो, आणि घेणाऱ्याची मान खाली जाते ती वेगळीच. जपमाळेच्या वेळी घरातले सगळे फोन एका टोपलीत ठेवा, आधी मोठ्यांनी आपले ठेवावेत. उपवासकाळात मांसाहाराबरोबर एक वाद सोडा.

मुलांना ‘फोन म्हणजे सैतान’ असे सांगू नका. ते ऐकणार नाहीत, आणि ते खरेही नाही. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झालेला कार्लो अकुतिस हा संगणकवेडा मुलगा होता. पंधराव्या वर्षी, २००६ मध्ये, रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. पवित्र मिस्साबलिदानातील चमत्कारांची माहिती त्याने वेबसाइटवर संकलित केली होती. व्हिडिओ गेम त्यालाही आवडत, पण आठवड्याला एकच तास असा नेम त्याने स्वतःला घातला होता, असे त्याच्या आईने सांगितले आहे. मुलांशी यंत्राच्या वाईटपणापेक्षा त्या नेमाविषयी बोला.

आता तो व्हिडिओ. ज्या चार ग्रुपांत मी तो पाठवला होता, त्यातला एक आमच्या सोसायटीचा होता. त्या व्हिडिओखाली ज्या समाजाचे नाव होते, त्या समाजाचे एक कुटुंब आमच्याच जिन्यात राहते. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. तीन दिवस मी जिन्यात त्यांची नजर चुकवली. चौथ्या दिवशी संध्याकाळी दार वाजवले. मी चूक सांगितली, माफी मागितली. मुलीचे वडील म्हणाले, ‘सर, दुसऱ्या कोणी पाठवला असता तर मी खोटा म्हटलं असतं. तुम्ही पाठवलात, म्हणून मी माझ्याच भावाला फोन करून विचारलं, आपल्या लोकांनी असं खरंच केलं का रे?’ त्या रात्री मी चारही ग्रुपांत खुलासा लिहिला. तो लिहायला चार मिनिटे लागली. दार वाजवायला चार दिवस लागले होते.

ज्याच्याशी फोनवर बिनसले आहे असे एक नाव तुमच्याही मनात आत्ता आले असेल. येत्या रविवारच्या आधी त्याच्या घरी जा. गाव लांब असेल तर फोन करा. मेसेज करू नका.